उत्क्रांती विरुद्ध निर्मितीवाद : अमेरिकी शाळांतील शंभर वर्षांचा वाद

जानेवारी २००५ मधील गोष्ट. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील डोव्हर या छोट्या गावात नववीच्या वर्गात जीवशास्त्राचा तास सुरू होणार होता. उत्क्रांतीचा धडा शिकविण्यापूर्वी विद्यार्थ्यांना एक निवेदन वाचून दाखवावे, असा आदेश तेथील शाळा मंडळाने काढला होता. डार्विनचा सिद्धांत हा केवळ एक सिद्धांत आहे, ती वस्तुस्थिती नव्हे, त्यात उणिवा आहेत आणि जीवसृष्टीच्या उगमाचे वेगळे स्पष्टीकरण हवे असल्यास ग्रंथालयात एक पुस्तक ठेवलेले आहे, असा त्या निवेदनाचा आशय होता. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचण्यास नकार दिला. जे खरे नाही हे आपल्याला ठाऊक आहे, ते विद्यार्थ्यांपुढे मांडणे व्यवसायाच्या नीतीत बसत नाही, अशी त्यांची भूमिका होती. अखेर प्रशासनातील अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन ते निवेदन वाचले. ज्यांना ऐकायचे नव्हते ते विद्यार्थी वर्गाबाहेर गेले.

मिनिटाभरात वाचून होणाऱ्या त्या निवेदनाने एका मोठ्या खटल्याला जन्म दिला. शाळेच्या वर्गात काय शिकवायचे हे कोणी ठरवायचे, हा त्यातील खरा प्रश्न. मतदारांनी निवडून दिलेल्या मंडळाने, कर भरणाऱ्या पालकांनी, विषयातील तज्ज्ञांनी की न्यायालयाने? अमेरिकेत या प्रश्नावरून गेली शंभर वर्षे भांडण सुरू आहे आणि ते संपलेले नाही. या वादाचा हा आढावा.

वाद नेमका कशाचा?

चार्ल्स डार्विन यांचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ २४ नोव्हेंबर १८५९ रोजी प्रसिद्ध झाला. सजीवांच्या जाती स्थिर नसून काळाच्या ओघात बदलतात, आजच्या सर्व जातींचे पूर्वज समान आहेत आणि या बदलामागे नैसर्गिक निवडीची प्रक्रिया आहे, हे त्याचे सार. एकाच जातीच्या प्राण्यांत लहानमोठे फरक असतात. त्यांतील जे फरक जगण्यास आणि प्रजननास उपकारक ठरतात, ते पुढील पिढ्यांत अधिक प्रमाणात उतरतात. लक्षावधी वर्षांत अशा लहान फरकांचा संचय होऊन नव्या जाती निर्माण होतात. डार्विन यांना आनुवंशिकतेची यंत्रणा माहीत नव्हती. विसाव्या शतकात जनुकशास्त्राने ती उणीव भरून काढली आणि उत्क्रांती हा अवघ्या जीवशास्त्राचा पाया ठरला.

निर्मितीवाद हा एकच विचार नाही. त्याचा कडवा प्रवाह बायबलच्या 'जेनेसिस' या पहिल्या भागातील वर्णन शब्दशः खरे मानतो. देवाने सहा दिवसांत सृष्टी घडविली, पृथ्वीचे वय सहा ते दहा हजार वर्षे आहे आणि खडकांचे थर व जीवाश्म ही नोहाच्या काळातील महापुराची खूण आहे, असे हा प्रवाह सांगतो. भूशास्त्रानुसार पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. दुसरा प्रवाह पृथ्वीचे प्राचीनत्व मान्य करतो; परंतु माणसाची निर्मिती स्वतंत्रपणे झाली, असे मानतो. सर्व ख्रिस्ती पंथांचा उत्क्रांतीला विरोध आहे, असा आपल्याकडे समज असतो. तो बरोबर नाही. कॅथलिक चर्चने १९५० मध्येच या विषयावरील संशोधनाला मोकळीक दिली होती आणि पोप जॉन पॉल द्वितीय यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती ही आता निव्वळ कल्पना राहिलेली नाही, असे मान्य केले. अमेरिकेतील विरोध मुख्यत्वे इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट पंथीयांकडून होतो.

वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे 'पब्लिक स्कूल' म्हटले की महागडी खासगी शाळा डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, सर्वांना मोफत असलेली शाळा. खासगी आणि चर्चच्या शाळांत काय शिकवावे, हा या वादाचा विषय नाही. वाद आहे तो करदात्यांच्या पैशातून चालणाऱ्या शाळांचा.

डेटन : १९२५ चा उन्हाळा

मार्च १९२५ मध्ये टेनेसी राज्याने 'बटलर कायदा' संमत केला. बायबलमधील मानवनिर्मितीचे वर्णन नाकारणारा आणि माणूस खालच्या दर्जाच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला असे सांगणारा कोणताही सिद्धांत सरकारी शाळांत शिकविणे हा गुन्हा ठरला. या कायद्याला आव्हान देणाऱ्या शिक्षकाचा खटला आपण लढवू, असे अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या संघटनेने जाहीर केले. डेटन या गावातील काही प्रतिष्ठित मंडळींनी एका औषधाच्या दुकानात बसून बेत आखला. असा खटला आपल्या गावात भरला तर गावाचे नाव देशभर होईल, हा त्यातील व्यवहारी विचार. २४ वर्षांचे जॉन स्कोप्स हे शिक्षक आणि फुटबॉल प्रशिक्षक आरोपी व्हायला तयार झाले. त्यांनी वर्गात उत्क्रांतीचा धडा प्रत्यक्ष शिकविला होता की नाही, याची त्यांना स्वतःलाही खात्री नव्हती.

सरकारी पक्षाच्या बाजूने विल्यम जेनिंग्ज ब्रायन उभे राहिले. ते तीन वेळा अध्यक्षपदाचे उमेदवार आणि एके काळचे परराष्ट्रमंत्री. बचावासाठी आले त्या काळचे नामवंत फौजदारी वकील क्लॅरेन्स डॅरो. देशभरातील पत्रकार डेटनमध्ये जमले आणि शिकागोच्या रेडिओ केंद्राने खटल्याचे थेट प्रक्षेपण केले. २० जुलै रोजी उन्हाळा आणि गर्दी यांमुळे कामकाज न्यायालयाबाहेरच्या हिरवळीवर हलविण्यात आले. तेथे डॅरो यांनी ब्रायन यांनाच बायबलचे जाणकार म्हणून साक्षीदाराच्या खुर्चीत बसविले आणि त्यांची उलटतपासणी घेतली. अमेरिकी न्यायालयीन इतिहासातील तो एक गाजलेला प्रसंग.

ज्युरीने अवघ्या नऊ मिनिटांत स्कोप्स यांना दोषी ठरविले. शंभर डॉलर दंड झाला. वरच्या न्यायालयात जाता यावे म्हणून डॅरो यांनीही दोषी ठरविण्याचीच विनंती केली होती. पाच दिवसांनी ब्रायन यांचे डेटनमध्येच निधन झाले. १९२७ मध्ये टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. पण कारण तांत्रिक होते. पन्नास डॉलरपेक्षा अधिक दंड ठरविण्याचा अधिकार न्यायाधीशाला नसून ज्युरीला आहे, असे न्यायालयाने सांगितले. कायदा मात्र वैध ठरला आणि तो १९६७ पर्यंत टिकला.

या प्रकरणाकडे विज्ञान विरुद्ध अंधश्रद्धा एवढ्याच नजरेने पाहिले जाते. वस्तुस्थिती थोडी गुंतागुंतीची आहे. 'बळी तो कान पिळी' या न्यायाला विज्ञानाची मान्यता मिळेल आणि दुबळ्यांना वाली राहणार नाही, ही ब्रायन यांची एक भीती होती. स्कोप्स यांच्या शाळेतील 'सिव्हिक बायॉलॉजी' या पाठ्यपुस्तकात मानववंशांची उच्चनीच उतरंड मांडलेली होती आणि 'निकृष्ट' माणसांच्या प्रजननावर निर्बंध असावेत, असा विचारही होता. आजचे विज्ञान हे दोन्ही नाकारते. ब्रायन यांची विज्ञानाची समज चुकीची होती. परंतु त्यांची ही चिंता सर्वस्वी निराधार नव्हती.

पुस्तकांतून गेलेला डार्विन

खटल्यात बचाव पक्षाची बाजू देशभर गाजली; परिणाम मात्र उलटा झाला. मिसिसिपी आणि आर्कान्सा या राज्यांनीही असेच कायदे केले. आपली पुस्तके दक्षिणेकडील राज्यांत खपावीत म्हणून प्रकाशकांनी उत्क्रांतीचा मजकूर आक्रसून टाकला. न्यायालयात जे घडले त्यापेक्षा बाजारात जे घडले त्याचा परिणाम अधिक काळ टिकला. पुढील तीन दशके अमेरिकी शाळांतील बहुसंख्य मुले उत्क्रांतीची नीट ओळख न होताच शिकून बाहेर पडली.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने 'स्पुटनिक' अवकाशात सोडला आणि हे चित्र बदलले. आपण विज्ञानशिक्षणात मागे पडलो, या जाणिवेने अमेरिका हादरली. सरकारी निधीतून जीवशास्त्राचा अभ्यासक्रम नव्याने तयार करण्यात आला आणि १९६३ पासून आलेल्या नव्या पुस्तकांत उत्क्रांती केंद्रस्थानी होती. आर्कान्सातील लिटल रॉक येथील शिक्षिका सुझन एपर्सन यांच्यापुढे त्यातून पेच उभा राहिला. शाळेने दिलेले पुस्तक शिकवावे तर राज्याचा कायदा मोडतो, न शिकवावे तर कर्तव्यात कसूर होते. १९६५ मध्ये त्या न्यायालयात गेल्या. १२ नोव्हेंबर १९६८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. एका धर्ममताला बाधक आहे एवढ्याच कारणाने ज्ञानाचा एखादा भाग अभ्यासक्रमातून काढता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ होता.

हा निकाल ज्या तरतुदीवर आधारला होता, ती अमेरिकी राज्यघटनेतील पहिली दुरुस्ती. सरकारने कोणत्याही धर्माची प्रस्थापना करू नये आणि कोणाच्या धर्माचरणात अडथळाही आणू नये, असे ती सांगते. १७९१ ची ही तरतूद सुरुवातीला फक्त केंद्र सरकारला लागू होती. धर्माची प्रस्थापना करू नये हे बंधन राज्यांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९४७ मध्ये स्पष्ट केले. डेटनमध्ये हे शस्त्र डॅरो यांच्या हाती नव्हते.

बंदी गेली, 'समान वेळ' आला

उत्क्रांतीवर बंदी घालणे अशक्य झाले, तेव्हा विरोधकांनी पवित्रा बदलला. १९६१ मध्ये जॉन व्हिटकॉम्ब आणि हेन्री मॉरिस यांचे 'द जेनेसिस फ्लड' हे पुस्तक आले. महापुराच्या कथेला भूशास्त्राचा आधार देण्याचा तो प्रयत्न होता. त्यातून 'निर्मितीविज्ञान' ही संज्ञा रूढ झाली. निर्मिती हेही विज्ञानच आहे, तेव्हा उत्क्रांतीच्या जोडीला त्यालाही वर्गात समान वेळ द्या, अशी मागणी पुढे आली. १९८१ मध्ये आर्कान्सा आणि लुइझियाना या राज्यांनी तसे कायदे केले.

आर्कान्साच्या कायद्याला आव्हान देणाऱ्यांची यादी पाहण्याजोगी आहे. मुख्य अर्जदार विल्यम मॅकलीन हे मेथडिस्ट धर्मोपदेशक होते. त्यांच्यासोबत कॅथलिक, एपिस्कोपल आणि आफ्रिकन मेथडिस्ट पंथांचे बिशप होते, ज्यू संघटना होत्या. श्रद्धेचे रक्षण सरकारने करू नये, त्यात श्रद्धेचेच नुकसान आहे, अशी त्यांची भूमिका होती. ५ जानेवारी १९८२ रोजी न्यायाधीश विल्यम ओव्हर्टन यांनी कायदा रद्द केला. निकालात त्यांनी विज्ञानाची लक्षणे नोंदविली. विज्ञान निसर्गनियमांच्या आधारे स्पष्टीकरण देते, त्याचे म्हणणे प्रत्यक्ष जगात तपासता येते, त्याचे निष्कर्ष अंतिम नसतात आणि ते चुकीचे ठरण्याची शक्यता नेहमी खुली असते. ज्या विचाराचे उत्तर आधीच ठरलेले आहे, तो विज्ञान ठरू शकत नाही.

लुइझियानाचा कायदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ७२ नोबेल विजेत्यांनी न्यायालयाला निवेदन सादर करून त्याला विरोध दर्शविला. १९ जून १९८७ रोजी न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो कायदा घटनाबाह्य ठरविला. न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी बहुमताचा निकाल लिहिला. न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया आणि सरन्यायाधीश विल्यम रेन्क्विस्ट यांनी विरोधी मत नोंदविले. तथापि, शिकविण्यामागे खरोखर शैक्षणिक हेतू असेल तर वेगवेगळे वैज्ञानिक सिद्धांत शिकविण्यास आडकाठी नाही, असेही निकालात म्हटले होते. पुढचा अध्याय या वाक्याच्या आधारे रचला गेला.

नवे नाव, जुना आशय

१९९० च्या दशकात 'इंटेलिजंट डिझाइन' म्हणजे 'बुद्धिमान रचना' ही संकल्पना पुढे आली. सिएटल येथील डिस्कव्हरी इन्स्टिट्यूट ही संस्था तिचे केंद्र बनली. या मांडणीत देवाचे नाव नव्हते, बायबल नव्हते आणि पृथ्वीच्या वयावर भाष्यही नव्हते. सजीवांतील काही रचना इतक्या गुंतागुंतीच्या आहेत की त्या टप्प्याटप्प्याने घडणे शक्य नाही, त्यामागे कोणी तरी बुद्धिमान रचनाकार असला पाहिजे, एवढेच तिचे म्हणणे. जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांनी १९९६ मधील पुस्तकात उंदीर पकडण्याच्या सापळ्याचे उदाहरण दिले. सापळ्याचा एक भाग काढला तरी तो निरुपयोगी होतो. जिवाणूची शेपटीही तशीच आहे, असा त्यांचा दावा होता. या शेपटीतील अनेक प्रथिने अन्य रचनांत वेगळ्या कामासाठी वापरली जातात, तेव्हा अर्धवट रचना निरुपयोगीच असते हे गृहीतक टिकत नाही, असे उत्तर जीवशास्त्रज्ञांनी दिले.

डोव्हरच्या मंडळाने १८ ऑक्टोबर २००४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी घेतलेला निर्णय याच विचारातून आला होता. 'ऑफ पांडाज अँड पीपल' हे ते ग्रंथालयातील पुस्तक. अकरा पालकांनी डिसेंबर २००४ मध्ये न्यायालयात धाव घेतली. २६ सप्टेंबर २००५ पासून हॅरिसबर्ग येथे सुनावणी सुरू झाली. न्यायाधीश जॉन जोन्स यांची नेमणूक रिपब्लिकन अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी केली होती. त्यामुळे मंडळाच्या समर्थकांना निकालाबद्दल आशा होती.

सुनावणीत दोन गोष्टी निर्णायक ठरल्या. पहिली म्हणजे या पुस्तकाचे जुने खर्डे. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका बार्बरा फॉरेस्ट यांनी ते तपासले. १९८७ च्या निकालापूर्वीच्या खर्ड्यांत जेथे 'निर्मितीवादी' हा शब्द होता, तेथे निकालानंतर 'रचनेचे समर्थक' असे शब्द घातलेले आढळले. एका ठिकाणी तर बदल करताना दोन्ही शब्दांची अर्धवट सरमिसळ होऊन एक विचित्र जोडशब्द छापला गेला होता. नाव बदलले, आशय तोच राहिला, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर यांची साक्ष. मिलर हे स्वतः श्रद्धाळू कॅथलिक आहेत. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. चिंपांझी आणि गोरिला यांच्या पेशीत ४८. पूर्वज समान असतील तर एक जोडी गेली कोठे? दोन गुणसूत्रे जोडली जाऊन माणसाचे एक गुणसूत्र तयार झाले असले पाहिजे, असे अनुमान निघते. ते खोटे ठरविणेही शक्य होते. प्रत्यक्षात माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या मधोमध, एरवी फक्त टोकाला आढळणारी रचना सापडली. जोडाची खूण जागेवर होती. दुसरीकडे, आपण केलेल्या विज्ञानाच्या व्याख्येत फलज्योतिषही बसू शकेल, असे बीही यांना उलटतपासणीत मान्य करावे लागले.

२० डिसेंबर २००५ रोजी १३९ पानांचा निकाल आला. 'बुद्धिमान रचना' हे विज्ञान नसून निर्मितीवादाचेच दुसरे रूप आहे आणि ते सरकारी शाळेत शिकविणे घटनाबाह्य आहे, असे न्यायाधीश जोन्स यांनी ठरविले. मंडळाच्या काही सदस्यांनी आपला धार्मिक हेतू लपविण्यासाठी न्यायालयात खोटे सांगितले, असा ठपकाही त्यांनी ठेवला. निकालानंतर त्यांना धमक्या आल्या आणि संरक्षण द्यावे लागले.

तोवर डोव्हरच्या मतदारांनी आपला निर्णय दिलेला होता. ८ नोव्हेंबर २००५ च्या निवडणुकीत रिंगणात असलेले मंडळाचे आठही विद्यमान सदस्य पराभूत झाले. नव्या मंडळाने अपील केले नाही. त्यामुळे हा निकाल कायद्याने फक्त त्या भागापुरता बंधनकारक राहिला. पालकांच्या वकिलांचा खर्च म्हणून सुमारे दहा लाख डॉलर मात्र शाळेच्या तिजोरीतून गेले. ते पैसे त्याच गावच्या मुलांच्या शिक्षणाचे होते.

वाद पुन्हा पुन्हा का उद्भवतो?

यामागे अमेरिकी शिक्षणव्यवस्थेची रचना आहे. तेथे संपूर्ण देशासाठी एकच अभ्यासक्रम नाही. अभ्यासक्रमाची उद्दिष्टे राज्ये ठरवितात आणि शाळांचा कारभार तेरा हजारांहून अधिक जिल्हा मंडळे पाहतात. यांपैकी बहुतेक मंडळे स्थानिक मतदार निवडून देतात आणि शाळांचा मोठा खर्च घरांवरील करातून भागतो. स्वाभाविकच, आमच्या पैशावरील शाळेत आमच्या श्रद्धेविरुद्ध का शिकविता, असा प्रश्न विचारणारा पालक तेथे स्वतःच मंडळावर निवडून येऊ शकतो.

कॅन्ससचे उदाहरण बोलके आहे. तेथील राज्य शिक्षण मंडळाने ऑगस्ट १९९९ मध्ये उत्क्रांतीचा बराच भाग अभ्यासक्रमातून वगळला. निवडणुकीत मंडळ बदलले आणि २००१ मध्ये तो परत आला. पुन्हा मंडळ बदलले. नोव्हेंबर २००५ मध्ये उत्क्रांतीवर शंका घेणारा मसुदा संमत झाला. फेब्रुवारी २००७ मध्ये तोही रद्द झाला. आठ वर्षांत विज्ञानाच्या व्याख्येवर इतक्या वेळा मतदान झाले. विज्ञान मात्र या काळात जागचे हलले नव्हते.

जनमतही दुभंगलेले आहे. गॅलप ही संस्था १९८२ पासून हाच प्रश्न विचारत आली आहे. त्या वर्षी ४४ टक्के लोकांनी देवाने माणूस आजच्या रूपातच घडविला, असे सांगितले होते. २०२४ मध्ये हे प्रमाण ३७ टक्के होते. देवाच्या मार्गदर्शनाखाली उत्क्रांती झाली, असे मानणारे ३४ टक्के; तर त्यात देवाचा सहभाग नव्हता, असे मानणारे २४ टक्के होते. १९८२ मध्ये हा शेवटचा गट ९ टक्के होता.

परंतु खरी कसोटी लागते ती शिक्षकाची. पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी सरकारी माध्यमिक शाळांतील जीवशास्त्राच्या शिक्षकांची २००७ मध्ये पाहणी केली. सुमारे १३ टक्के शिक्षक उघडपणे निर्मितीवादाच्या बाजूने शिकवीत होते आणि २८ टक्के शिक्षक उत्क्रांती ठामपणे शिकवीत होते. उरलेले सुमारे ६० टक्के शिक्षक मध्येच राहिले. हा विषय त्यांनी उरकला, टाळला किंवा 'परीक्षेपुरते लिहा' असे सांगून वाट काढली. पालक तक्रार करतील ही धास्ती कोणत्याही कायद्यापेक्षा प्रभावी ठरते, हा या पाहणीचा धडा. पुढील काळात मात्र सुधारणा झाली. निर्मितीवादाला थारा न देता उत्क्रांती हे सर्वमान्य विज्ञान म्हणून शिकविणाऱ्यांचे प्रमाण २००७ मध्ये ५१ टक्के होते, ते २०१९ मध्ये ६७ टक्क्यांवर गेले.

'सिद्धांत' या शब्दाची गंमत

'हा तर केवळ सिद्धांत' हा विरोधकांचा हुकमी युक्तिवाद. २००२ मध्ये जॉर्जिया राज्यातील कॉब कौंटीने याच आशयाच्या चिठ्ठ्या पाठ्यपुस्तकांवर चिकटविल्या होत्या; पुढे न्यायालयीन लढाईनंतर त्या गेल्या. इंग्रजी बोलीत 'थिअरी' म्हणजे अंदाज. विज्ञानात मात्र भरपूर पुराव्यांनी तपासलेल्या, अनेक घटनांचा उलगडा करणाऱ्या मांडणीला तो शब्द वापरतात. गुरुत्वाकर्षण आणि रोगजंतू यांविषयीही 'सिद्धांत'च आहेत. मराठीत हा घोटाळा होऊ नये. कारण 'सिद्धांत' या शब्दातच सिद्ध झाल्याचा अर्थ आहे. तरीही आपण 'उत्क्रांतिवाद' असा शब्द रूढ केला आणि 'वाद' म्हटले की दुसरी बाजू असणारच, असे वाटू लागते. जीवशास्त्रात उत्क्रांती कशी आणि किती वेगाने घडते यावर मतभेद आहेत. ती घडते की नाही, यावर नाहीत.

हा केवळ पुस्तकी प्रश्नही नव्हे. औषधांना दाद न देणारा क्षयरोग मुंबईकरांना परका नाही. प्रतिजैविकाच्या माऱ्यातून जे जिवाणू तगतात, तेच पुढे वाढतात. ही नैसर्गिक निवडच होय. औषधांचा क्रम अर्धवट का सोडू नये, हे उत्क्रांती समजलेल्या रुग्णाला लवकर पटते.

आपल्या अंगणात

भारतात डार्विनला संघटित धार्मिक विरोध अमेरिकेसारखा कधी झाला नाही. तरीही वाद अगदीच दूर राहिला नाही. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री आणि मुंबईचे माजी पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह यांनी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे एका संमेलनात डार्विनचा सिद्धांत चुकीचा असून शाळा-महाविद्यालयांतून तो बदलला पाहिजे, असे सांगितले. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशातील तिन्ही प्रमुख विज्ञान अकादमींनी त्याचे खंडन केले आणि तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री प्रकाश जावडेकर यांनी सहकाऱ्याला अशी विधाने टाळण्यास सांगितले. मुळात आजच्या माकडापासून माणूस झाला, असे उत्क्रांती सांगतच नाही. दोघांचे पूर्वज समान आहेत, एवढेच ती सांगते.

पुढे 'एनसीईआरटी'ने कोरोनाकाळात अभ्यासाचा भार कमी करण्याचे कारण देऊन पाठ्यपुस्तकांची छाटणी केली. दहावीच्या 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्यातील उत्क्रांती गेली, उरली आनुवंशिकता. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी पत्र लिहून निषेध नोंदविला. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचे प्रकरण आहे, असे उत्तर मिळाले. पण दहावीनंतर जीवशास्त्र घेणारे विद्यार्थी थोडेच असतात. बाकीच्यांची डार्विनशी शाळेत धड गाठ पडणारच नाही, हा आक्षेपकांचा मुद्दा होता. महाराष्ट्र राज्य मंडळाने २०१८ मध्ये आणलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मात्र पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांतीचा होता.

दोन्ही देशांतील फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. अमेरिकेत धडा काढायचा तर ठराव होतो, मतदान होते, पालक न्यायालयात जातात आणि साक्षीपुरावे होतात. आपल्याकडे पुस्तकाची नवी आवृत्ती येते आणि धडा त्यात नसतो. आपल्या घटनेच्या कलम ५१ अ मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. ते पार पाडायचे तर वर्गात काय असते आणि काय नसते, याकडे पालकांचे लक्ष हवे.

पुढे काय?

अमेरिकेत लढाईचे स्वरूप पुन्हा बदलले आहे. आता 'निर्मिती' हा शब्द उच्चारला जात नाही, तर 'शैक्षणिक स्वातंत्र्य' आणि 'चिकित्सक विचार' यांचा आधार घेतला जातो. लुइझियानाने २००८ मध्ये उत्क्रांती, हवामानबदल यांसारख्या विषयांवर शिक्षकांना पूरक साहित्य वापरण्याची मुभा देणारा कायदा केला. त्यावर सही करणारे गव्हर्नर बॉबी जिंदाल हे स्वतः जीवशास्त्राचे पदवीधर. टेनेसीने २०१२ मध्ये तसाच कायदा केला, म्हणजे बटलर कायद्याचे राज्य पुन्हा चर्चेत आले. २०२४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाचीही त्यात भर पडली.

न्यायालयाची भूमिकाही बदलत आहे. सरकारी कृतीमागचा हेतू आणि परिणाम धार्मिक आहे का, हे तपासण्याची १९७१ च्या निकालातील कसोटी डोव्हरसह अनेक खटल्यांत वापरली गेली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कसोटी सोडून देत इतिहास आणि परंपरा यांवर भर दिला. १९६८ आणि १९८७ चे निकाल आजही कायम आहेत. परंतु ज्या पायावर अशा निकालांची इमारत उभी राहिली, त्यातील एक चिरा निखळला आहे. उद्या एखादे मंडळ डोव्हरचा प्रयोग पुन्हा करून पाहील, तेव्हा निकाल काय लागेल, हे आधीच सांगणे १९८७ इतके सोपे राहिलेले नाही.

जुलै २०२५ मध्ये डेटनच्या खटल्याला शंभर वर्षे पूर्ण झाली. या शतकात जीवाश्मांची भर पडली, डीएनएची रचना उलगडली, जनुकांची संपूर्ण लिपी वाचून झाली आणि उत्क्रांतीचा पुरावा कितीतरी पटींनी वाढला. तरीही वर्गातील वाद तेथेच आहे. कारण तो पुराव्याच्या कमतरतेमुळे उद्भवलेलाच नव्हता. आपल्या मुलाने आपल्यापेक्षा वेगळे जग मानावे का, या पालकाच्या मनातील भीतीतून तो उद्भवतो. न्यायालये त्या भीतीचे कायदेशीर उत्तर देऊ शकतात. तिचे समाधान करण्याचे काम शेवटी शिक्षकाकडेच येते आणि त्यासाठी त्याला निर्भयपणे वर्गात उभे राहता आले पाहिजे. डोव्हरच्या शिक्षकांनी ते निवेदन वाचण्यास नकार दिला, त्या दिवशी त्यांच्यामागे अद्याप कोणताही निकाल उभा नव्हता.